फाईल लॉक करताना सगळं डीफॉल्टवर सोडायचं की सायफर (लॉक करायची पद्धत) आणि हॅश (पासवर्डवरून किल्ली बनवायचं गणित) स्वतः लिहायचं? माझं मत : लिहायचं

सराफबाजारवाला : गंगेला (गोदावरीला) पूर आला की आमच्याकडे नाशिकला दुतोंड्या मारुतीला कुठवर पाणी लागलंय ते बघून माल हलवतात, तसं हिशोबाचंपण आहे, रोज रात्री बॅकअप ओपनएसएसएल नावाच्या टूलने पासवर्ड लावून लॉक होऊन कॉलेज रोडला घरी जातो. ओळखीतल्या एका पोराने लावून दिलेलं, कमांडमध्ये फक्त एईएस-२५६-सीबीसी हा सायफर, बाकी सगळं डीफॉल्ट. नवीन मशीन घेतलं, जुनी फाईल उघडायला गेलो तर 'बॅड डिक्रिप्ट'. पासवर्ड बरोबर, वीस वेळा टाकला असेल, दोन दिवस जेवण गेलं नाही. शेवटी कळलं की १.१.० व्हर्जनपासून पासवर्डवरून की (किल्ली) बनवायचा डीफॉल्ट हॅश एमडी५ चा एसएचए-२५६ झालाय. कमांडला एमडी५ सांगितलं, उघडली. तेव्हापासून मी डीफॉल्टवर विश्वास ठेवत नाही. बोला आता.

गंगापूररोड_रूट : शेठ, उलटं बोलताय तुम्ही. जुना, कच्चा एमडी५ हाताने लिहिला असता तर आजपण त्यातच बसला असता, डीफॉल्ट बदलला म्हणून फुकटात सुधारलात. सातपूरला एका ठिकाणी बघितलंय मी, जीपीजी या लॉक करायच्या दुसऱ्या टूलच्या कॉन्फिगमध्ये कोणीतरी कधीकाळी ट्रिपल-डीईएस हा जुना सायफर लिहून ठेवलेला. एका वेळी ६४ बिटचाच तुकडा (ब्लॉक) लॉक करतो, मोठ्या डेटाला पुरत नाही हे २०१६ ला स्वीट३२ हा हल्ला शोधणाऱ्यांनी दाखवून झालं, पण लिहिणारा पुण्याला गेला आणि ती ओळ काढायची हिंमत कोणाची नाही.

सराफबाजारवाला : आणि ओपनएसएसएल आजपण आपणहून पीबीकेडीएफ२ (हॅश हजारो वेळा फिरवून की बनवायची पद्धत) लावत नाही त्याचं काय? वॉर्निंग देतं आणि जातं पुढे, हॅश एकदा फिरवला की झाली किल्ली तयार. चोराला एका सेकंदात किती पासवर्ड ट्राय करता येतील बघा. हा तुमचा सेफ डीफॉल्ट?

तर्री_वेगळी : दोघं वेगवेगळ्या डब्यांवरून भांडताय भो. ओपनएसएसएलच्या त्या फाईलीत सुरुवातीला 'सॉल्टेड' एवढा शब्द आणि ८ बाइटचा सॉल्ट (पासवर्डमध्ये मिसळायचा रँडम आकडा), बस. सायफर कोणता, हॅश कोणता, किती फेऱ्या, काही नाही. लोणच्याच्या बरण्या भरल्या आणि चिठ्ठी एकीलापण लावली नाही असं ते. तिथे शेठचं बरोबर, सगळं लिहा, आणि ती कमांड कागदावरपण ठेवा. जीपीजी मात्र हे सगळं फाईलीतच लिहून ठेवतं, म्हणून उद्या डीफॉल्ट बदलला तरी जुनी फाईल उघडते. वर सीबीसीत मधले बाइट कोणी बदलले तर ओपनएसएसएल बहुतेक वेळा गुपचूप कचरा काढून देईल, जीपीजी बोंब मारेल. बॅकअपला ओपनएसएसएल घेतलंच कशाला हा खरा प्रश्न आहे.

गंगापूररोड_रूट : +१. आताच्या जीपीजीत एईएस-२५६ डीफॉल्टच आहे, तिथे लिहून काय जास्त मिळणार? आणि दुसऱ्याला फाईल पाठवताना सायफर-अल्गो या ऑप्शनने एकच सायफर ठोकून दिला तर समोरच्याचं सॉफ्टवेअर तो ओळखेलच असं नाही, त्यासाठी पर्सनल-सायफर-प्रेफरन्सेस असतं, त्यात दोघांना जमेल तो निवडला जातो.

सराफबाजारवाला : माझ्या बॅकअपला समोरचा कोण? मीच ना. बरं, जीपीजीवर येतो, पटलं ते. पण एसटूके काउंट (पासवर्डवरून की बनवताना किती हॅशिंग करायचं तो आकडा) मी लिहिणार म्हणजे लिहिणार, ६५०११७१२, त्याच्या वर जातच नाही ते. उघडायला क्षणभर जास्त लागला तर लागू दे.

तर्री_वेगळी : लिहा की, त्याने नुकसान काही नाही. पण फेऱ्या कितीपण वाढवा, पासवर्डच लेचापेचा असेल तर काय उपयोग. दुकानाचं नाव आणि १२३ असं नाही ना?

सराफबाजारवाला : छे, १२३ नाही. नावापुढे स्थापनेचं साल आहे.

गंगापूररोड_रूट : पाटीवर रंगवलेलंय तेच?

सराफबाजारवाला : बदलतो रात्री.