सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून घोडी आणली आहे: गोठ्यालगत ठेवली तर चालेल का? चंदी (दाण्याचा खुराक) किती? मोतद्दार (घोड्याची देखभाल करणारा माणूस) कसा पारखावा?

माळरान
काठेवाडी घोडी, वय ४ वर्षे, वजन अंदाजे ३५० किलो. काम म्हणजे रोज तासभर रपेट. शेत इंदापूर तालुक्यात. गायींच्या गोठ्याला लागून १० बाय १० फुटांची पत्र्याची शेड रिकामी आहे, खाली कोबा. सध्या दिवसाला ३ किलो खुराक (निम्मा हरभरा भरडा, निम्मे गायीचे पशुखाद्य), एक पेंढी लसूणघास आणि थोडा कडबा देतो. लीद पातळ आणि आंबूस वासाची होते आहे. खुराक कमी पडतोय का? शिवाय पूर्णवेळ माणूस ठेवायचा आहे, त्याची पारख कशी करायची?

पागेवाला
कमी नाही, जास्त होतोय. पशुखाद्य आजच बंद करा. काही पशुखाद्यांत आणि कोंबडीखाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. गायीला ते पचते, पण घोड्याच्या हृदयाचे स्नायू त्याने निकामी होतात, आणि तेही अगदी थोड्या मात्रेत. पोत्यावर लिहिलेले नसले तरी धोका पत्करू नका.

घोड्याचे जठर लहान, जेमतेम ८ ते १५ लिटरचे. दाणा एकदम पडला की न पचताच पुढे मोठ्या आतड्यात जातो आणि तिथे आंबतो. तुमच्या लिदीचा वास त्याचाच. पुढची पायरी म्हणजे पोटशूळ, नाहीतर खुरांची सूज.

या घोडीला रोज वजनाच्या २ टक्के, म्हणजे ७ किलोच्या आसपास सुका चारा-दाणा पुरे. कडब्याची कुट्टी किंवा वाळले गवत ५ किलो. लसूणघास ४ ते ५ किलो, तोही तासभर सुकवून. दव असलेला नको. चंदी दीड किलोच: १ किलो भरडलेले ओट किंवा जव आणि अर्धा किलो भिजवलेला हरभरा, तीन वेळांत विभागून. मीठ ३० ग्रॅम. पाणी दिवसाला २५ ते ४० लिटर, चंदीच्या आधी. चंदी लगेच कमी केली तरी हरकत नाही, पण चारा मात्र आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा.

गव्हाचा कोंडा लोक भरभरून घालतात. त्यात स्फुरद जास्त आणि कॅल्शियम कमी, त्यामुळे हाडे पोकळ होत जातात. उसाच्या वाढ्यांतले ऑक्झलेटही कॅल्शियम अडवते. तुमच्या भागात वाढे फुकटात मिळतात, म्हणून मुद्दाम सांगतो. कोवळी हिरवी ज्वारी तर नकोच. बुरशी आलेला मका उकिरड्यावर टाका.

खूरखरारा
१० बाय १० अपुरी आहे. १२ बाय १२ करा, दार ४ फूट रुंद ठेवा आणि पत्रा निदान १० फुटांवर घ्या. पत्र्याच्या कडा आणि काटेरी तार घोड्याच्या उंचीला कुठेही नको. घोडा बिचकला की मागेपुढे पाहत नाही.

कोब्यावर पाय घसरतो आणि मूत साचून अमोनिया होतो. एकतर कोबा उकरून ९ इंच मुरूम ठोकून बसवा, नाहीतर वर रबरी मॅट टाका. त्यावर भाताचा पेंढा किंवा लाकडाचा भुसा अंथरा आणि ओले रोज काढा. पावसाळ्यात काळी माती खुरात घट्ट बसते, तळव्यातली मऊ पुतळी कुजते आणि घाण वास येतो. म्हणून दिवसातून दोनदा खूर कोरायचे. नाल ५-६ आठवड्यांनी काढून, वाढलेले खूर तासून मग पुन्हा ठोकायची. खूर नालेच्या मापाचा तासणारा नालबंद असेल तर त्याला परत पाठवा.

मेळ्यातून आणली आहे, तर ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी झाली आहे का ते बघा. हा रोग माणसालाही होतो. निकाल येईपर्यंत बादली आणि खरारा (अंग घासायचा ब्रश) वेगळा. धनुर्वाताची लसही विचारून घ्या.

माळरान
पशुखाद्य थांबवले. रात्री पोट दुखायला लागले तर गायीसारखे नळ्याने तेल पाजू का?

पागेवाला
अजिबात नको. ते फुप्फुसात गेले तर पोटापेक्षा मोठे दुखणे ओढवते. कुशीकडे वळून बघणे, पुढचा पाय आपटणे, सारखे बसणे-उठणे आणि लीद बंद होणे ही लक्षणे दिसली की चारा काढून घ्या, सावकाश फिरवा आणि डॉक्टरांना बोलवा. ते नाकातून नळी घालून औषध देतात. नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. ६० च्या वर गेली तर सकाळची वाट बघू नका.

रिकीब
माणसाबद्दल. वरातीच्या घोडेवाल्यांकडे, माथेरान-महाबळेश्वरकडे विचारणा करा. पावसाळ्यात तिथले काम मंदावते. तोंडी अनुभव ऐकत बसू नका, घोडी हातात द्या. डाव्या खांद्याकडून, आवाज देत जवळ जातो का? चारही खूर न ओरडता उचलून घेतो का? बांधतो ती गाठ एका झटक्यात सुटते का? काटेरी लगाम घेऊन आला तर तिथेच नकार द्या. त्यावर जनावरांच्या छळाविरुद्धच्या १९६५ च्या नियमांत बंदीच आहे.

आठ दिवस अजमावून बघा. चंदी मोजायला डबा ठेवा. ‘ओंजळभर’ हे माप प्रत्येकाचे निराळे. भिंतीवर पाटी लावा: पाणी किती बादल्या, लीद किती वेळा (८ ते १२ ठीक), ताप असल्यास किती. कधीतरी न सांगता जाऊन तंगाखालची (खोगिराच्या पोटपट्ट्याखालची) कातडी आणि खुरांचे तळवे बघा. अंग चकाचक पण तळवे भरलेले असतील, तर खरारा तुम्हाला दाखवण्यापुरता होतोय. आणि त्याला आठवड्याची सुट्टी द्यायची असेल, तर घरातल्या कुणालातरी मोहरकी (तोंडाला बांधायची दोरी) घालायला आत्ताच शिकवा.