टॉर्परला मराठीत काय म्हणावं? आणि ‘दिनमान’ चालेल का?

घोडबंदर_रोड: शाळेच्या भित्तिपत्रकासाठी सैबेरियातल्या बुटक्या हॅमस्टरवर लिहितेय, तिथे अडलेय. दिवस आखूड झाले की हा प्राणी पांढरा होतो, वजन उतरवतो आणि मग अधूनमधून दिवसाचे काही तास त्याचं अंग गार पडतं, पार २० अंशांच्या आसपास. नंतर पुन्हा ठणठणीत. यालाच इंग्रजीत टॉर्पर म्हणतात. प्रयोगशाळेत ८ तास उजेड, १६ तास अंधार ठेवला तरी काही आठवड्यांनी हे घडतं, कडाक्याची थंडी लागत नाही. पिंजऱ्यात पळायचं चाक ठेवलं तर मात्र वजन टिकतं आणि हे गार पडणं जवळपास थांबतं! मी ‘शीतनिद्रा’ लिहिलं, ते सरांनी खोडलं. म्हणाले, शीतनिद्रा हिवाळाभराची, ही काही तासांची. मग काय लिहू? डे-लेंग्थला ‘दिनमान’ आणि चाकावर पळण्याला ‘व्यायाम’ लिहिलंय, तेही सांगा.

ऐरोली_खाडी: ‘सुप्ती’ म्हणा. निद्रा मुळातच चूक. हा हॅमस्टर त्यातून बाहेर आला की आधी गाढ झोपतो, मेंदूचे आलेख जागरण झालेल्या प्राण्यासारखे दिसतात. ती झोप असती तर पुन्हा झोपेची भरपाई कशाला लागली असती?

जुनं_ठाणं: सुप्त म्हणजेही झोपलेलाच, धातू ‘स्वप्’. ‘गुंगी’ घ्या.

ऐरोली_खाडी: गुंगी औषधाने येते. आणि ‘सुप्त गुण’ म्हणतो त्यात कोण झोपलेलं असतं?

वाशी_स्टेशन: सुप्ती आणि सुस्ती एकाच घरातल्या असणार. जेवण झालं की आजी म्हणायची, ‘जरा सुस्ती आली.’ मुलांना तोच शब्द कळेल.

जुनं_ठाणं: नाही हो, ‘सुस्त’ फारसी. स्वप्शी काही नातं नाही.

वाशी_स्टेशन: फारसी म्हणून बाद? मग जमीन, दुकान, कागदही काढा.

येऊर_पायथा: दिनमानाकडे कुणी बघेल का? पंचांगात ते नेमकं याच अर्थाने असतं, पण पेपरात ‘दिनमान’ म्हणजे राशिभविष्य. सरळ ‘दिवसाची लांबी’ लिहा. आणि ठाण्यात सगळ्यात लहान दिवसही ११ तासांच्या आसपास असतो, हे शेजारी हवंच. त्याशिवाय ८ तासांचा दिवस मुलांना कळायचा नाही. शिवाय सगळ्यांचं उजेडावर अडत नाही. जमिनीत बिळं करणाऱ्या काही खारी उजेड-तापमान वर्षभर सारखं ठेवलं तरी शरीरातल्या घड्याळाप्रमाणे दडी मारतात.

घोडबंदर_रोड: दडी! ‘काही तासांची दडी’ कसं वाटतं?

जुनं_ठाणं: दडी म्हणजे लपणं. शरीर गार पडतं, हे त्यात कुठे आलं?

येऊर_पायथा: ‘पावसाने दडी मारली’ म्हणतो तेव्हा तो लपलेला असतो का? थांबलेला असतो. आमच्याकडे पहिल्या सरीला बेडूक निघाले की ‘दडी सोडली’ असंच म्हणतात.

ऐरोली_खाडी: बेडकांची ती ग्रीष्मनिद्रा. तिथेही निद्रा नकोच, ‘ग्रीष्मसुप्ती’ म्हणा.

जुनं_ठाणं: पुन्हा सुप्ती!

घोडबंदर_रोड: ‘व्यायामा’वर कुणीच बोललं नाही. त्याला कुणी पळायला लावत नाही, तो आपणहून पळतो. मग ‘व्यायाम’ म्हणायचं की नुसतं ‘पळणं’?

वाशी_स्टेशन: आधी सुस्तीचं ठरू दे.