हातच्याची वजाबाकी आली की पान टरकावतो: वर्तन विश्लेषण साध्या शाळेत चालतं का?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत माझ्याकडे तिसरी-चौथी आहे, दोन्ही वर्ग एकाच खोलीत. तिसरीतल्या एका मुलाबद्दल विचारायचं आहे. भाषेच्या तासाला तो मस्त असतो, गोष्ट रंगवून सांगतो, फळा पुसायला सगळ्यांत आधी उठतो. बेरजाही करतो. पण फळ्यावर ५२ − २७ असं काही आलं की पेन्सिलीला टोक काढत बसतो, मग शेजारच्याला ढोसतो, आणि मी जवळ जाऊन 'चल, सोडव' म्हटलं की वहीचं पान टरकावतो. एकदा पाटी आपटून फोडली. शाळेत आधीपासूनची रीत अशी, की अशा मुलाला व्हरांड्यात बसवायचं आणि शांत झाला की आत घ्यायचं. व्हरांड्यात तो लगेच शांत होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आजोबा म्हणतात, 'गुरुजी, दोन ठेवून द्या, आमची हरकत नाही.' मी मुलांवर हात उचलत नाही. डी.एड.ला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर, त्यांचे उंदीर आणि प्रबलन (ज्या वागण्यातून हवं ते मिळतं ते वागणं वाढतं) एवढं परीक्षेपुरतं वाचलं होतं. वर्तन विश्लेषण, म्हणजे वागण्याच्या आधी आणि नंतर काय घडतं ते पाहून वागणं समजून घेणं आणि बदलणं, हे स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या थेरपीपुरतंच असतं, की माझ्यासारख्याच्या वर्गातही चालतं? जाणकारांनी सांगावं.

गोदाकाठ

सर, तुम्ही घटना ज्या क्रमाने लिहिल्यात तो क्रमच पाहा. आधी फळ्यावर हातचा, मग पान फाडणं, मग व्हरांडा. आणि व्हरांड्यात वजाबाकी नाही. आपल्याला ती शिक्षा वाटते, पण त्याला तिथे सुटका मिळते, आणि ज्यामुळे सुटका मिळते ते वर्तन पुन्हा पुन्हा होतं. तो हे ठरवून करतो असं मी म्हणत नाही. त्याच्या अंगवळणी पडलंय. हात न उचलण्याचा तुमचा निश्चय सोडू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ तर आहेच, शिवाय मारून हातचा येत नाही.

मी नाशिकला विशेष शिक्षिका आहे. स्वमग्न मुलांबरोबर काम करते, साध्या शाळांतही जाते. 'हे फक्त थेरपीचं' हा समज जावा असं मला मनापासून वाटतं, कारण स्किनर शिकवण्याकडे वळले तेच एका साध्या वर्गामुळे. १९५३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या केंब्रिज गावी ते धाकट्या मुलीच्या चौथीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसले. काही मुलांचं केव्हाच सोडवून झालेलं, काही अडून बसलेली, आणि आपलं उत्तर बरोबर की चूक हे कुणालाच लगेच कळत नव्हतं. त्यानंतर लवकरच त्यांनी शिकवण्याचं यंत्र बनवायला घेतलं. ती यंत्रं पुढे मागे पडली. पण उत्तराचा निकाल मुलाला तिथल्या तिथे कळावा आणि पुढची पायरी त्याच्या आवाक्यातली असावी, या दोन गोष्टी टिकल्या. तुमच्या मुलाला हातच्यापाशी दोन्ही मिळत नसाव्यात.

तुमच्या प्रश्नाला अगदी जवळचं एक काम आहे. १९८५ साली एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी वर्गात आदळआपट करणाऱ्या चार मुलांचा अभ्यास केला. विकासाच्या अडचणी असलेली मुलं होती ती, पण तत्त्व तुमच्या वर्गालाही लागू पडतं. बिघडतं कधी हे त्यांनी आधी शोधलं: काम अवघड झालं की, की मोठ्यांचं लक्ष कमी झालं की? पहिलं कारण असेल तिथे 'मला हे कळत नाही' असं म्हणायला शिकवलं आणि म्हटल्यावर मदत दिली. दुसरं असेल तिथे 'मी नीट करतोय ना?' असं विचारायला शिकवलं. आदळआपट खूप उतरली. कारणाशी न जुळणारं वाक्य शिकवलं तेव्हा मात्र ती उतरली नाही. म्हणून मी कुठल्याही शाळेत आधी 'उपाय सांगा' या मागणीला थांबवते. कारण सापडल्याशिवाय उपाय सांगणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

तर आधी कारणाची खात्री करा. एका वहीत तीन रकाने आखा: लगेच आधी काय झालं, त्याने काय केलं, लगेच नंतर काय झालं. 'हट्ट केला', 'मूड नव्हता' असं लिहू नका. 'पान फाडलं', 'पेन्सिल फेकली', डोळ्यांना दिसलं तेवढंच. मधूनच बिनहातच्याची वजाबाकी देऊन बघा. कधीकधी उदाहरण द्या, पण जवळ जाऊ नका. तो उदाहरणामुळे चिडतो की तुम्ही सगळ्यांसमोर जवळ उभे राहता म्हणून, हे त्यातून सुटं होईल.

मग गणित तपासा. मधल्या सुट्टीत, वही न देता, तोंडी विचारा: बारातून सात गेले किती? पंधरातून आठ? इथेच तो बोटांवर अडत असेल तर अडचण हातच्याच्याही आधीची आहे. दुसरं, ५२ − २७ चं उत्तर तो ३५ काढतो का? दोनातून सात जात नाहीत म्हणून बरीच मुलं सातातून दोन काढतात. अशा मुलाला काड्यांचे गठ्ठे द्या आणि मागून पुढे शिकवा. सुरुवातीला दशकाचा गठ्ठा तुम्ही सोडा, पाचाचे चार तुम्ही करा, दोनाचे बारा तुम्ही लिहा. बारातून सात आणि चारातून दोन, एवढंच त्याच्याकडे. ते जमलं की बारा त्याने लिहायचे, मग पाचाचे चारही त्याने करायचे, आणि सगळ्यांत शेवटी गठ्ठा सोडणं त्याच्याकडे द्यायचं. उदाहरण पहिल्या दिवसापासून त्याच्या हातून पुरं होतं आणि ते बरोबर येतं. जो मुलगा रोज अर्ध्यावर मोडतो त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

आणि मदत मागायची सोय हवी. दोन इयत्ता सांभाळताना तुम्हाला प्रत्येकाचा आवाज ऐकू येणार नाही, म्हणून बाटलीचं रंगीत झाकण बाकावर ठेवा. सुलटं म्हणजे चाललंय, उलटं म्हणजे 'सर, कळलं नाही'. हे तो शांत असताना, सोप्या उदाहरणावर शिकवा. सुरुवातीला झाकण उलटं दिसलं की लगेच जा. फाडण्यापेक्षा झाकण लवकर कामी येतं हे त्याला अनुभवाने कळलं पाहिजे.

व्हरांडा बंद केलात की आधी वागणं थोडं चढेल. जी युक्ती आजवर चालली ती माणूस आणखी जोर लावून करून बघतो. त्या दिवसांत परत बाहेर बसवलंत तर जोरात फाडल्यावरच सुटका मिळते हे तो शिकेल. म्हणून झाकण आणि सोपी पायरी हाताशी असल्याशिवाय व्हरांडा बंद करू नका.

अंगणवेल

गोदाकाठताई, छान लिहिलंत. पण हे गाडं शेवटी स्टार आणि चॉकलेटवर येतं असं मी पाहिलंय. माझ्या मुलीच्या शाळेत भिंतीवर ताऱ्यांचा तक्ता लावलाय. घरी आवडीने वाचणारी मुलगी आता 'किती स्टार मिळतील?' विचारल्याशिवाय पुस्तक उघडत नाही. चित्रं काढणाऱ्या मुलांवरचा १९७३ चा प्रयोगही हेच सांगतो ना?

गोदाकाठ

हो, लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा. त्यात मुलं आधीपासून आवडीने चित्रं काढणारी होती. 'काढलंस तर बक्षीस' असं आधी कबूल केलेल्या मुलांचा रस नंतर घटला. न सांगता अचानक बक्षीस मिळालेल्यांचा घटला नाही. त्यामुळे आवडीने वाचणाऱ्या तुमच्या लेकीला तारे नकोत, याबाबत मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. शाळेत हे जरूर बोला.

सरांच्या मुलाला वजाबाकीची आवड अजून लागायचीच आहे. त्याला मी चॉकलेट देणार नाही. उत्तर बरोबर आलं हे तिथल्या तिथे कळणं पुष्कळ मुलांना पुरतं. त्यावर 'शाब्बास' एवढंच न म्हणता 'आज पाचाचे चार करायला विसरला नाहीस' असं नेमकं सांगा. आणि फळा पुसायला आवडतो ना त्याला? ठरलेली उदाहरणं झाली की फळा त्याचा. नावडत्या कामामागे आवडीचं काम जोडायचं हे तत्त्व मानसशास्त्रज्ञ प्रेमॅक यांनी १९५९ मध्ये मांडलं, पण आपल्या घराघरांतल्या आया ते आधीपासून वापरतात.

निळीसावली

मी स्वमग्न मुलाची आई. मुलगा आता मोठा आहे. लहानपणी थेरपीत त्याला हात हलवू द्यायचे नाहीत, हनुवटी धरून डोळ्यांत बघायला लावायचे. हात हलवून तो स्वतःला शांत करायचा, हे त्याने पुढे टाइप करून आम्हाला सांगितलं. 'वर्तन विश्लेषण' ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. मुलाला बदलण्याआधी त्याला काय म्हणायचंय ते कुणी विचारतं का?

गोदाकाठ

ताई, तुमच्या मुलाने सांगितलं ते या क्षेत्रातल्या प्रत्येकाने ऐकलं पाहिजे. १९६० च्या दशकात, स्वमग्न मुलांसाठी ही थेरपी रुजवणारे मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या कामात मुलांना थपडा आणि विजेचे धक्केही दिले गेले. ते झाकून पुढे जाता येत नाही. १९७२ साली विनेट आणि विंकलर यांनी याच शास्त्राच्या नियतकालिकात, वर्गातले प्रयोग तपासून, जाहीर टीका केली होती की आपण मुलांना हलू नका, बोलू नका, ऐका एवढंच शिकवतो आहोत. ती टीका आजही पुष्कळ वर्गांना लागू आहे.

मी एकच विचारते: हे वागणं बदललं तर मुलाच्या पदरात काय पडतं? हात थांबल्याने फक्त मोठ्यांना बरं वाटणार असेल तर त्या हातांना कुणी अडवू नये. सरांच्या मुलाला गप्प बसवायचं नाहीये. त्याला वजाबाकी यावी आणि 'कळत नाही' हे बिनधास्त म्हणता यावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार. तीन रकाने सुरू केलेत. तोंडी विचारलं, बारातून सात तो बोटांवर मोजतो. आणि हो, उत्तर ३५ च काढतो. बिनहातच्याच्या वजाबाक्या दिल्या त्या दिवशी काही फाडलं नाही. झाकणं बघून चौथीच्या मुलांनाही ती हवीत. शंका एवढीच, की सारखंच झाकण उलटं करायला लागला तर मी चौथीला वेळ कसा देऊ?

गोदाकाठ

चौथीलाही झाकणं द्याच, म्हणजे तो एकटा उठून दिसणार नाही. सुरुवातीला तो सारखं उलटं करेल, करू द्या आणि दर वेळी जा. घडी बसली की 'हे एवढं करून बघ, आलोच' असं म्हणत अंतर हळूहळू वाढवा.

बोटांवर मोजतोय म्हणजे आधी तिथे काम हवं. जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे करून पुढे १२ − ७, मागे ५ अशी कार्डं करा. चौथीतला एखादा मुलगा दाखवेल, हा उत्तर सांगेल आणि कार्ड उलटून स्वतःच तपासेल. एक मिनिट घड्याळ लावायचं आणि किती बरोबर आले ते वहीत लिहायचं. स्किनर यांचे विद्यार्थी ऑग्डेन लिंड्सली यांनी अशाच एका मिनिटाच्या मोजणीवर शिकवण्याची अख्खी पद्धत उभी केली. त्याची तुलना फक्त त्याच्या कालच्या आकड्याशी करा, शेजाऱ्याशी नको. तोच कागद आजोबांना दाखवा.

व्हरांड्याचं म्हणाल तर त्याने झाकण उलटं करून किंवा तोंडाने 'थोडं थांबू का' असं विचारलं, तर पाणी पिऊन येऊ द्या. फाडल्यावर मात्र शांतपणे दुसरा कागद आणि त्याहून सोपी पायरी द्या. रकाने भरले की इथे टाका, मुलाचं नाव तेवढं काढून. पुढचं ते बघून ठरवू.