मदत हवी आहे: उघड्या खोक्याचा प्रकल्प तक्ता भरून संपतो

आठवीसाठी प्रकल्प: २० सेमी बाजूच्या चौरस कागदाच्या चारही कोपऱ्यांतून सारखे चौरस कापायचे, कडा दुमडून उघडं खोकं करायचं आणि कोणत्या कापाला घनफळ सर्वांत जास्त ते शोधायचं. चार-चार जणांचे गट, दोन तासिका. मुलं १ ते ९ सेमीचा तक्ता भरतात, "३ सेमी, ५८८ घन सेमी" लिहितात आणि थांबतात. काही गट तळाची बाजू २० वजा काप एवढीच धरतात. कलन न वापरता यात शोधाला जागा कशी करावी?

प्रतिसाद १
तळाची चूक फळ्यावर समजावू नका, खोकी करून घ्या. आकडेमोडीआधी २ आणि ५ सेमी कापाची दोन खोकी, आणि कशात जास्त मावेल याचा अंदाज वहीत. तळ मोजला की १६ आणि १० सेमी भरतो; काप दोन्ही टोकांना जातो हे तिथेच कळतं. घनफळं येतात ५१२ आणि ५००. उंची अडीचपट, तरी घनफळ कमी! खरा प्रश्न इथे पडतो. कागद कार्डशीटचाच घ्या. धान्य भरून मोजताना पातळ कागदाच्या भिंती फुगतात आणि माप वाढतं.
मग विचारा, ३ नंतर एकदम ४ का? ३.५ ला ५९१.५ येतात.

प्रतिसाद २
पुढच्या तासाला गटागटाला १२, १८, २४, ३० सेमीचे कागद द्या. उत्तरं २, ३, ४, ५ येतात. ती शेजारी शेजारी लिहा, पण "सहावा भाग" हे शब्द तुम्ही उच्चारू नका. ते मुलांकडूनच यायला हवेत, नाहीतर प्रकल्प तिथेच संपला.
त्यानंतर तळाचं क्षेत्रफळ आणि चार भिंतींचं एकूण क्षेत्रफळ असे दोन रकाने वाढवा. १८ च्या कागदाला ३ सेमी कापावर दोन्ही १४४. २० च्या कागदाला ३ वर १९६ आणि १६८, ४ वर १४४ आणि १९२. म्हणजे उत्तर मध्येच कुठेतरी. कारण मुलांना पटतं: काप किंचित वाढवला की तळाएवढा थर वर चढतो आणि चारही भिंती तेवढ्याच आत सरकतात. दोन्ही थर सारखे झाले की वाढ थांबते.

धागाकर्ता
कागद आयताकृती असेल तर?

प्रतिसाद २
१६ × १० सेमीचा द्या. १, २, ३ सेमी कापांना ११२, १४४, १२०. सहाव्या भागाचा नियम मोडतो, पण २ वर तळ ७२ आणि भिंतीही ७२.