शेपू, न चाखता

भिजवलेली मूगडाळ घातली की शेपूचा वास जातो, असं कुणीतरी लिहिलंय. जात नाही हो, थोडा दबतो. आणि जिच्यासाठी करायची तिला तोच वास हवा असतो! डाळ जरा जास्त पडली की आमच्या सासूबाई विचारतात, "आज डाळीची भाजी का गं?"

मला त्या वासाने जुडी निवडतानाच नको होतं, पण खरी पंचाईत मिठाची. कच्चा पाला कढईभर दिसतो आणि वाफ आली की तळाला जातो. त्या ढिगाकडे बघून मीठ घातलं तर भाजी खारट ठरलेलीच, आणि चाखणं माझ्याच्याने होत नाही. म्हणून मीठ भाजी बसल्यावरच. शंका आली तर पाला टाळून डाळीचे दोन दाणे चावून बघायचे. त्यांनाही वास लागलेला असतोच, पण निभतं.

बाकी नेहमीचंच. जाड देठं काढायची, तेल सढळ, ठेचलेला लसूण चांगला लालसर होऊ द्यायचा, मग हिरवी मिरची. डाळ बोटाने दाबली तर मोडावी, पण दिसायला अख्खी राहावी. एकच वाफ काढून पुढे झाकण न ठेवता परतायची. सोबत ज्वारीची भाकरी. मी त्या दिवशी भाकरीबरोबर ठेचा-दही खाते, कुणी आग्रह करत नाही.

उरलेली भाजी मात्र थालीपिठात ढकलू नका, प्लीज. मग ती आमच्यासारख्यांनाही खावी लागते.