वॉशिंग मशीन पिळायच्या आधी अडकते – बोर्ड बदलण्यापूर्वी काय तपासावे?

ओला टॉवेल

फ्रंट लोड मशीन आहे, ७ किलोचे, हीटरवाले, मोटर बेल्टवर चालणारी (कार्बनवाली, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे ब्रश असलेली). धुण्यात काही अडचण नाही. शेवटचे विसळणे संपून पिळणे सुरू व्हायच्या बेतात असले की गाडी अडते. डिस्प्लेवर ९ मिनिटे दिसतात ती ९ च राहतात. कधी नुसता घूंऽऽ आवाज येतो, कधी ड्रम सावकाश फिरतो, थांबतो, उलटा फिरतो, पुन्हा थांबतो. आत पाणी कधी उरलेले असते, कधी टिपूसही नसतो. बंद करून थोड्या वेळाने नुसते स्पिन लावले तर बहुतेक वेळा सुरळीत होते. दर धुण्याला होत नाही, हीच मोठी डोकेदुखी.

मेकॅनिकने मागचे झाकणसुद्धा न उघडता "पीसीबी (इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेली" म्हणून सांगितले. बोर्ड गेला असेल तर परत चालू केल्यावर तेच स्पिन कसे होते? खालची जाळी साफ करून झाली आहे. मल्टीमीटर आहे, वापरता येतो. क्रमाने काय तपासू?

---

कळसूत्री

शंका रास्त आहे. बोर्ड जातच नाही असे नाही, पण त्याचा नंबर शेवटचा. मशीन मध्येच थांबते तेव्हा बहुतेक वेळा ते कशाची तरी वाट बघत असते: पाणी भरल्याची खूण, तापल्याची, दार लागल्याची किंवा पाणी गेल्याची. ती खूण ठरावीक वेळात आली नाही की पुढचे पाऊल पडत नाही. म्हणून कुठल्या टप्प्यावर थांबते हे कळले की अर्धे निदान झाले.

सुरुवातीलाच थांबत असेल तर पाणी येण्याची बाजू किंवा दार. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत थांबत असेल, त्यातही घरातला ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल, तर हीटर. पिळण्याआधी असेल तर पाणी जाण्याची बाजू, प्रेशर स्विच (आत पाणी किती आहे ते बोर्डाला सांगणारा), तोल किंवा कार्बन. तुमचे प्रकरण या शेवटच्या गटातले आहे आणि लक्षणे वाचून मला त्यात दोन वेगळी दुखणी दिसतात. पाणी उरते तो एक प्रकार, पाणी नसताना थांबते तो दुसरा. दोन्हींना एकाच औषधाने गुण येईल असे धरून चालू नका.

आधी पाणी उरते तो प्रकार बघू.

जाळी साफ केलीत ते ठीक, पण जाळी काढल्यावर आतल्या पोकळीत टॉर्च मारून पाहिलेत का? तिथे पंपाची पाती दिसतात. प्लग काढून बोटाने पाती फिरवा. चांगल्या पंपाची पाती मोकळी गरगर फिरत नाहीत, टप्प्याटप्प्याने, अडखळत फिरतात. आत चुंबक असतो म्हणून. हे बघून पुष्कळजण पंप अडकला असे समजतात, तसे नाही. दुसरी खूण अशी की पात्यांना थोडी मोकळीक असते: काही अंश सैल फिरतात आणि मग चुंबकाचा ओढा लागतो. ही मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते. हा पंप सिंक्रोनस जातीचा, त्याच्यात सुरुवातीचा जोर जवळजवळ नसतो. रोटर आधी एकटा हलतो, वेग घेतो आणि मग पात्यांना ढकलतो. त्या सांध्यात केस, दोरा किंवा साबणाचा चिकटा गुंडाळला गेला की मोकळीक संपते. मग रोटर ज्या स्थितीत थांबला असेल त्यावर नशीब: कधी सुरू होतो, कधी जागेवर थरथरत घूंऽऽ करत बसतो. "दर वेळी होत नाही" आणि "घूं आवाज" या दोन्ही गोष्टी यात बसतात.

आता बादलीची चाचणी. निचऱ्याची नळी भिंतीतल्या पाईपमधून काढून बादलीत सोडा. बादली जमिनीवर नको, साधारण ६० सेंटिमीटर उंच स्टुलावर ठेवा. आत पाणी असताना नुसते ड्रेन लावा. पंप धडधाकट असेल तर १० लिटरची बादली पाऊण मिनिटाच्या आसपास भरते. धार बारीक असेल तर पंपाला वीज मिळते आहे, पण पाणी ढकलले जात नाही: पाती दांड्यावर सैल, नळी मुडपलेली किंवा नळीत लोळा अडकलेला. बादलीत धार जोरदार आणि नळी जागेवर लावली की पाणी तुंबते, असे असेल तर दोष मशीनचा नाही, भिंतीतल्या पाईपचा.

ड्रम आणि पंप यांच्यामध्ये एक जाड रबरी नळी असते, तीही विसरू नका. लहान मोजे, ब्राची तार, नाणी तिथे बसतात आणि जाळीपर्यंत पोचतच नाहीत. बाहेरून हाताने दाबत गेलात तरी आतली गाठ कळते.

---

ओहम२३०

कळसूत्रींशी सहमत, पण मी पाणी नसताना थांबते त्या बाजूने सुरू केले असते, कारण तिथे कान लावला की उत्तर मिळते.

मशीन अडकलेले असताना पंपाचा आवाज ऐका. आत पाणी नाही आणि पंप मात्र कोरडा खडखडत मिनिटामागून मिनिट चालू आहे, असे असेल तर बोर्डाला अजून पाणी दिसते आहे. म्हणजे प्रेशर स्विच. ड्रमच्या टाकीच्या तळाशी एक छोटी हवेची कुपी असते, तिथून बोटापेक्षा बारीक नळी वर स्विचपर्यंत जाते. पाणी चढले की कुपीतली हवा दाबली जाते आणि तो दाब स्विच वाचतो. कुपीच्या तोंडाशी साबणाची साय जमली की पाणी गेले तरी दाब आत कोंडून राहतो. बंद करून थोड्या वेळाने स्पिन लावले की होते, ते याचमुळे असू शकते: दाब हळूहळू सुटलेला असतो.

उपाय: प्लग काढा, वरचे झाकण काढा, नळी स्विचकडून सोडवा आणि तिच्यातून कुपीच्या दिशेने तोंडाने फुंका. आत बुडबुडल्यासारखे होऊन वाट मोकळी झाल्याचे कळते. कुपी निघत असेल तर काढून कोमट पाण्याने धुवा. स्विचला नळी जोडलेली असताना कम्प्रेसर किंवा जोरात फुंकणे अजिबात नको, आतला पडदा फाटतो. जुना यांत्रिक स्विच असेल तर हलके फुंकल्यावर टक् असा आवाज येतो आणि सोडल्यावर पुन्हा टक्. नवीन इलेक्ट्रॉनिक सेन्सर टक् करत नाही, त्यामुळे आवाज नाही म्हणून तो मोडीत काढू नका.

मल्टीमीटरने घ्यायची मापे. मशीन २३० व्होल्टचे धरले आहे. प्लग काढलेला आणि त्या त्या भागाची किमान एक वायर सोडवलेली हवी, नाहीतर बोर्डातून फिरून आलेले माप दिसेल.

ड्रेन पंप: साधारण १३० ते २०० ओहम. पाणी घेणाऱ्या व्हॉल्व्हची कॉइल: साडेतीन ते पाच हजार ओहम. हीटर २००० वॅटचा असेल तर २६ च्या आसपास, १८०० चा असेल तर २९. हीटरच्या टोकापासून त्याच्या धातूच्या अंगापर्यंत मात्र काहीच दिसता कामा नये. तिथे माप दिसले तर हीटर फुटला आहे, बाकी काही बघत बसू नका. तापमानाचा सेन्सर गार असताना मॉडेलप्रमाणे काही हजार ओहम दाखवतो. आकड्यापेक्षा महत्त्वाचे हे की गरम पाण्यात धरल्यावर तो आकडा सरसर खाली यायला हवा.

कार्बन: मोटरच्या ज्या दोन पिना कार्बनला जातात तिथे मीटर लावा आणि ड्रम हाताने सावकाश फिरवा. काही ओहम येऊन थोडेफार हलले तर ठीक. मध्येच उघडे सर्किट दिसले तर कार्बन संपत आला आहे किंवा खाचेत अडकतो आहे. बाहेर आलेला भाग १० मिलिमीटरपेक्षा कमी उरला असेल तर जोडीने बदला, एकच बदलू नका. पण कार्बन गेल्यावर मोटर घूं करत नाही, गप्प बसते. फार तर बोर्डावरच्या रिलेचा टक् आवाज येतो. त्यामुळे तुमचा घूं आवाज मी पंपाच्याच खात्यात टाकतो.

एक राहिले: इन्व्हर्टर मोटर असेल तर कार्बन नसतात, आणि बोर्डावरचे मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही मिनिटे भारलेले असतात. तिथे लगेच बोट घालू नये.

---

साधा नट

ड्रम सावकाश फिरतो, थांबतो, उलटा फिरतो, याचा पंपाशी संबंध नाही. मशीन कपडे पसरवायचा प्रयत्न करते आहे. धुताना ड्रम मिनिटाला पन्नासेक फेऱ्या घेतो आणि कपडे वरून खाली पडतात. ४८ सेंटिमीटर व्यासाच्या ड्रममध्ये ६० फेऱ्यांच्या वर गेले की कपडे भिंतीला चिकटून राहायला लागतात. पिळण्याआधी मशीन वेग ९० ते १०० पर्यंत नेते आणि मोटरचा वेग किती डगमगतो ते मोजते. डगमग जास्त दिसली की वेग कमी, कपडे मोकळे, पुन्हा प्रयत्न. वेळ गोठलेली दिसते ती यामुळेच. बऱ्याच प्रयत्नांनी जमले नाही की सोडून देते.

एकटी जीन्स, एकटी चादर, पायपुसणे, उशीच्या अभ्र्यात जाऊन बसलेले बाकीचे कपडे ही नेहमीची कारणे. जड एकच वस्तू असेल तर सोबत दोन-तीन टॉवेल टाका. कपडे कमी टाकले म्हणजे मशीनला सोपे जाते, हा समज पिळण्याच्या बाबतीत उलटा ठरतो.

कपड्यांचे काही नसेल तर चारही पाय जमिनीला टेकतात का ते बघा. वरच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांवर आळीपाळीने दाबा, मशीन झुलले तर पाय फिरवून उंची जुळवा आणि वरचा चेक-नट घट्ट करा. नट सैल सोडला तर काही दिवसांत पाय पुन्हा फिरतो. मग ड्रम हाताने खाली दाबून सोडा. एकदा वर येऊन स्थिरावला तर शॉक ॲब्झॉर्बर ठीक, दोन-तीन हेलकावे खाल्ले तर गेले.

फेसही बघा. हाताने धुण्याची पावडर यात चालत नाही. फेसात पंप पाणी ओढत नाही, कुपीतला दाबही चुकतो, म्हणजे वर सांगितलेली दोन्ही दुखणी साध्या पावडरमुळे होऊ शकतात. विसळून झाल्यावर काचेवर फेस दिसत असेल तर पावडर निम्मी करा.

---

बुचकळा

याच धाग्यात विचारतो. टॉप लोड, पूर्ण ऑटोमॅटिक. धुते, पाणीही जाते, पण पिळायला आले की हम्म करून थांबते. टब हाताने ढकलला तर फिरायला लागतो. हे पण पंपाचेच का?

---

ओहम२३०

नाही. ढकलल्यावर फिरते म्हणजे मोटरचा कपॅसिटर आधी बघा. बेल्टवाल्या टॉप लोडमध्ये तो बहुधा १० ते १५ मायक्रोफॅराडचा असतो, अंगावर छापलेले असते. प्लग काढून, टोके रेझिस्टरने डिस्चार्ज करून मग मोजा. छापील आकड्यापेक्षा १० टक्क्यांहून खाली गेला असेल तर त्याच मायक्रोफॅराडचा आणि तितक्याच किंवा जास्त व्होल्टचा नवा लावा. चालू टब हाताने ढकलत जाऊ नका, बोटे जातात. कपॅसिटर बरोबर निघाला तर बेल्टचा ताण आणि क्लच ओढणारी ड्रेन मोटर पाहा. हम्म न करता नुसतेच थांबत असेल तर झाकणाचा स्विच.

---

ओला टॉवेल

सगळे करून पाहिले. प्रेशरची नळी मोकळीच होती, पाय जुळवले. पंपाचे माप १६२ ओहम. बादली मात्र भरता भरत नाही, मिनिटभरात निम्मीही नाही. नळी आणि रबरी बोळ साफ आहे. पाती बोटाने फिरवली तर कधी चुंबकाचा ओढा लागतो, आणि कधी नुसतीच सैल गोल फिरतात, काहीच अडत नाही.

---

कळसूत्री

"सैल गोल फिरतात" इथेच सापडले. मोकळीक काही अंशांची असते, पूर्ण फेरी कधीच नाही. पाती दांड्यावरून सुटली आहेत: रोटर फिरतो, पाती मागे राहतात. कॉइल शाबूत असल्यामुळे ओहम बरोबरच दिसणार. डिंक-फेव्हिक्विकच्या नादी लागू नका, गरम पाण्यात टिकत नाही. पंप बदला. बोर्डाला हात लावायची गरज नाही.

पंप घेताना तीन गोष्टी जुळवा: व्होल्ट-वॅट, बसवण्याची पद्धत (स्क्रू की फिरवून बसणाऱ्या खाचा) आणि पिनांची जागा. बहुतेकदा नुसता मोटरचा भाग मिळतो, जाळीचे घर जुनेच राहते. नळ बंद करा, प्लग काढा, जाळीतून उरलेले पाणी ताटात काढा. मशीन मागे भिंतीला टेकवून कलते करा, दोघेजण लागतात. खालून दोन वायर आणि तीन-चार स्क्रू सुटले की पंप हातात येतो. जुन्या-नव्याच्या मध्ये रबरी रिंग असते, ती नवीच घाला आणि बसण्याची जागा कापडाने पुसून घ्या. साबणाचा एक कण राहिला तरी थेंब थेंब गळते आणि ते पाणी नेमके वायरींवर पडते. मशीन सरळ करण्याआधी दोन लिटर पाणी आत ओतून रिंगेखाली कोरडा कागद धरा.

साधा नट यांनी सांगितलेला तोलाचा भाग वेगळा आहे. पंप बदलल्यावरही एकटी चादर टाकलीत की ९ मिनिटांवर अडणारच.