आम्हीच आमची नावं पुढे करतो. यात चुकलं काय?

ओलं_फडकं
आम्ही सात जणी, सगळ्या शिल्पकार. चार वर्षांपूर्वी एक शेड भाड्यानं घेतली तेव्हा डोक्यात चळवळ वगैरे काही नव्हतं. एकीकडे चेन पुली होती पण ती टांगायला छत नव्हतं, दुसरीकडे छत होतं आणि पुली नव्हती. एक घनफूट संगमरवर साधारण 75 किलो भरतो. कमरेएवढं काम कुशीवर वळवायचं म्हटलं तरी माणसं लागतात, आणि भाड्यानं आणलेली माणसं आधी विचारतात, "साहेब कुठायत?"

बाकीचं मागाहून आलं. एकीचं बाळंतपण होतं तेव्हा तिचं मातीकाम आम्ही दीड महिना आळीपाळीनं ओलं ठेवलं (माझं टोपणनाव तिथलंच). एक सामायिक गल्ला आहे, जिचं ओतकाम अडेल तिला त्यातून. आपल्याच्यानं होणार नाही असं काम आलं तर ते आपल्यातच कुणाला तरी द्यायचं.

वाद परवाचा. एका सार्वजनिक शिल्पाच्या निवड समितीनं आमच्यातल्या एकीला विचारलं, कुणाचं नाव सुचवाल? तिनं आमच्यातल्याच दुसरीचं सुचवलं, आणि काम तिला मिळालं. आता कानावर येतंय, "बायकांनी टोळी केली." इतकी वर्षं गुरूंनी शिष्यांची आणि मित्रांनी मित्रांची नावं पुढे केली, ती परंपरा. आम्ही केलं की टोळी. बोला.

वाकडी_मान
बोलतो. "ते करत होते म्हणून आम्हीही" हे समर्थन झालं का? शेड, पुली, गल्ला याबद्दल माझी काही हरकत नाही. हरकत नावाला आहे. समितीनं एका शिल्पकाराचं मत विचारलं होतं, गटाचं नव्हे.

शिवाय 'स्त्री शिल्पकार' ही पाटी तुम्हीच गळ्यात घालून घेताय. 1943 मध्ये पेगी गुगेनहाइम या कलासंग्राहक बाईनं न्यूयॉर्कमध्ये फक्त स्त्रियांचं, 31 जणींचं प्रदर्शन भरवलं होतं. जॉर्जिया ओ'कीफनं त्यात यायला नकार दिला. तिला चित्रकार म्हणवून घ्यायचं होतं, स्त्री चित्रकार नाही. मला तो ताठपणा आवडतो.

ओलं_फडकं
मलाही आवडतो. पण ओ'कीफचा नवरा आल्फ्रेड स्टिग्लिट्झ स्वतः गॅलरी चालवायचा आणि वर्षानुवर्षं तिची चित्रं लावत आला होता. तिचाही गट होता हो, फक्त एकाच माणसाचा. त्याच 31 जणींमध्ये शिल्पकार लुईस नेव्हेल्सन होती. चाळिशी उलटलेली, आणि मोठं नाव व्हायला अजून पंधराएक वर्षं होती. तिनं नकार द्यायचा तर कशाच्या जोरावर?

कोपऱ्यातला_प्रेक्षक
मी शिल्पकार नाही, नुसता वाचणारा. पण शिल्पकलेत ही गोष्ट चित्रकलेपेक्षा जास्त टोकाला जाते, याचं कारण शिल्प एका हातानं होतच नाही. कुणी माती लावतं, कुणी साचा काढतं, कुणी ओततं, कुणी घासतं. एकोणिसाव्या शतकात रोममध्ये बसलेले नामवंत पुरुष मातीत नमुना करायचे आणि संगमरवरात कोरायला पगारी कारागीर ठेवायचे. त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. हॅरिएट हॉस्मर या अमेरिकन बाईनं तेच केलं, तर तिची 'झेनोबिया' ही मूर्ती तिच्या कारागिरानंच घडवली असं छापून आलं. तिनं बदनामीचा दावा लावला. आणि नुसता दावा लावून थांबली नाही, तर शिल्प कोणकोणत्या पायऱ्यांनी होतं, त्यात कारागिराचा हात कुठं लागतो, हे समजावणारा लेखच 1864 मध्ये 'अटलांटिक मंथली' या मासिकात लिहिला. सहकाऱ्यांबद्दल पुरुषाला असा खुलासा कधी द्यावा लागला होता?

दुसरं उदाहरण एलेन बेर्तो. ही शिल्पकारच. 1881 मध्ये तिनं पॅरिसमध्ये स्त्री चित्रकार-शिल्पकारांचा संघ काढला. तेव्हा तिथल्या सरकारी कलाशाळेत, एकोल दे बोझार्त, मुलींना प्रवेश नव्हता. संघानं वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि 1897 मध्ये दार उघडलं. 1911 मध्ये ल्युसिएन ह्युवेलमान्स ही प्री द रोम या फ्रान्सच्या मोठ्या सरकारी कलास्पर्धेचं पहिलं बक्षीस मिळवणारी पहिली स्त्री ठरली, तीही शिल्पकार. संघ नसता तर हे आपोआप झालं असतं?

वाकडी_मान
उदाहरण उत्तम, फक्त ते माझ्या बाजूचं आहे. बेर्तोबाई सगळ्यांच्या शाळेत शिरायला भांडल्या. फक्त मुलींपुरत्या वर्तुळात बक्षिसं वाटत बसल्या नाहीत. आणि ह्युवेलमान्सला बक्षीस खुल्या स्पर्धेत मिळालं, मैत्रिणीनं नाव सांगितलं म्हणून नाही.

टाकी
मी अशाच एका गटात पाच वर्षं होते, बाहेर पडले. त्यामुळे जरा लांबण लागेल.

नाव सुचवण्यात मला काही गैर वाटत नाही. "ही माझ्यासोबत काम करते" एवढं समितीला आधी सांगितलं की विषय मिटला. तुमच्या मैत्रिणीनं सांगितलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असो.

माझा त्रास वेगळा होता. आमच्यात कुणी कुणाला "हे वाईट झालंय" म्हणेना. पहिल्या वर्षी म्हणायचो. मग एकीचा घटस्फोट झाला, एकीची आई गेली, एकीला वर्षभर काम नव्हतं. आधीच वाकलेल्या माणसाला काय सांगायचं, की तुझ्या पुतळ्याचं वजन चुकीच्या पायावर पडलंय? मग "छान गं". माझं एक उभं काम, सात फुटी, सगळ्यांनी डोक्यावर घेतलं. फायबरमध्ये काढलं, प्रदर्शनात ठेवलं. तिथं एका अनोळखी म्हाताऱ्या शिल्पकारानं त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "मागून बघितलंच नाही वाटतं कुणी." खरंच बघितलं नव्हतं. पाठ नुसती भिंतीसारखी सपाट होती. सहा जणी रोज त्याच्या मागून चहाला जायच्या हो!

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. आमच्याकडे टाकी होती, घाव घालायला कुणी तयार नव्हतं. पुली शेअर करणं सोपं आहे.

ओलं_फडकं
हे लागलं. समितीला सांगितलं होतं का, हे तिला आत्ता फोन करून विचारलं. नव्हतं सांगितलं. तिला वाटलं सगळ्यांना माहीत आहे. ही आमची चूक, मान्य.

ओतारी
आमच्या भट्टीवर अशा गटाचं काम येतं म्हणून लिहितो. धंद्याच्या दृष्टीनं गट बरा. एकटी शिल्पकार एक लहान मेण (म्हणजे ज्याच्या जागी धातू ओतायचा तो मेणाचा नमुना) घेऊन आली तर तेवढ्यासाठी भट्टी पेटवणं जिवावर येतं. कांसं वितळवायला पारा हजाराच्या वर न्यावा लागतो, आणि जळण लहान कामाला काही कमी लागत नाही. पाच जणींची मेणं एकदम आली की सगळ्यांचं भागतं.

पण एक तक्रार आहे. गटानं आलं की जबाबदार कोण ते कळत नाही. मेण एकीचं, पैसे दुसरी देणार, फोन तिसरी उचलणार. एक किलो मेणाला नऊ-दहा किलो कांसं धरतो आम्ही. मेण जाड निघालं तर "वजन एवढं कसं वाढलं" म्हणून चौथी भांडायला येते, जिनं मेण पाहिलेलंच नसतं. एक नाव ठरवून द्या बायांनो. टोळी म्हणा नाहीतर परंपरा म्हणा, आम्हाला फरक पडत नाही.

कोपऱ्यातला_प्रेक्षक
ओतकामावरून ऑगस्टा सॅव्हेज ही कृष्णवर्णीय अमेरिकन शिल्पकार आठवली. 1939 च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यासाठी तिनं 'द हार्प' केलं, गाणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांची वीणा, 16 फूट उंच, प्लास्टरमध्ये. गर्दी लोटली. मेळा संपल्यावर ना ब्राँझमध्ये ओतायला पैसे, ना ठेवायला जागा. मोडून टाकलं. तिनं हार्लेममध्ये, न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय वस्तीत, कितीतरी मुलांना शिकवून उभं केलं होतं, पण त्या वेळी शिष्यांचेच खिसे रिकामे. म्हणून तुमच्या गल्ल्याचं मोल मला नाव सुचवण्यापेक्षा जास्त वाटतं.

वाकडी_मान
याला मात्र +1. गल्ला ठेवा, शिफारस बंद करा.

ओलं_फडकं
शिफारस बंद नाही करणार. नातं सांगून करू. तुम्हाला पटणार नाही, चालेल.

ओतारीदादा, नाव ठरवून कळवते, बहुधा माझंच गळ्यात पडेल.

टाकी, एक विचारू? माझ्याकडे बसलेली बाई आहे, मातीत, पाऊण झालीय. आमच्यातल्या सगळ्या छान म्हणाल्यात. चारी बाजूंनी फोटो पाठवले तर बघाल?

टाकी
पाठवा. पाठीचा आधी.

टाकी
पाहिले. पाठ चांगली आहे, खरंच. डावा खांदा वर चढलाय, त्या हातावर भार नसताना. मातीनं झाकू नका, आतला सांगाडाच वाकवावा लागेल. फडकं घट्ट गुंडाळून ठेवा, कापावं लागणार आहे.